इरॅस्मस प्लसची वर्क प्लेसमेंट: निघण्याआधी आणि पोचल्यावर

इरॅस्मस प्लस हा युरोपियन संघाचा कार्यक्रम. त्यातून व्यवसाय शिक्षण घेणाऱ्यांना दुसऱ्या देशातल्या कंपनीत काही काळ काम शिकायला जाता येतं, तीच वर्क प्लेसमेंट. त्यासाठी विद्यार्थ्याला स्वतःहून अर्ज करता येत नाही. अर्ज व्यवसाय शिक्षण देणारी शाळा करते, निधी तिच्याकडे येतो आणि कोणाला पाठवायचं तेही तीच ठरवते. त्यामुळे नेटवर फॉर्म शोधत बसू नका. शाळेत हे काम कोण बघतं ते विचारा, आणि निदान सहा महिने आधी विचारा. शाळा युरोपियन संघाच्या २७ देशांतली किंवा नॉर्वे, आइसलँड, लिक्टेनस्टाइन, तुर्किये, सर्बिया, नॉर्थ मॅसेडोनिया यांपैकी एखाद्या देशातली असावी लागते. तुमचा पासपोर्ट कुठला, याची निवडीच्या वेळी अडचण नसते. तो प्रश्न पुढे व्हिसापाशी उभा राहतो. कोर्स संपला असेल तरी पुढच्या १२ महिन्यांत जाता येतं.

छोटी प्लेसमेंट १० ते ८९ दिवसांची, मोठी ९० ते ३६५ दिवसांची. मोठीला इरॅस्मस प्रो म्हणतात. १० दिवसांत प्रवासाचे दिवस धरत नाहीत. दोन आठवड्यांची प्लेसमेंट आमच्या मते निव्वळ ओळखपरेड असते: कुठलं हत्यार कुठे ठेवतात हे कळेपर्यंत पहिला आठवडा सरतो. शाळा मुदत निवडू देत असेल तर चार आठवड्यांच्या खाली येऊ नका.

पैशांचा हिशेब आधीच मांडा. रोजच्या भत्त्याचा दर देशागणिक बदलतो. पहिले १४ दिवस पूर्ण दर, १५व्या दिवसापासून ७० टक्के. म्हणजे २८ दिवसांच्या मुक्कामाला १४ अधिक ९.८, असे २३.८ दिवसांचेच पैसे धरायचे. प्रवासखर्च अंतराच्या टप्प्यावरून ठरतो, तिकिटावरून नाही. उशिरा काढलेल्या महाग तिकिटाचा फरक सहसा तुमच्याच खिशातून जातो. काही शाळा रोख रक्कम न देता तिकीट आणि राहण्याची सोय स्वतः करतात. ग्रँट ॲग्रीमेंटवर, म्हणजे पैशांच्या करारावर, सही करण्याआधी यातलं कोणतं लागू आहे, आगाऊ किती मिळणार आणि परतल्यावर अहवाल भरल्यानंतर किती, एवढं वाचून घ्या.

खरी मेहनत मात्र लर्निंग ॲग्रीमेंटवर, म्हणजे तिथे कोणती कामं शिकायची याच्या करारावर, घ्या. त्यावर तुमची, शाळेची आणि काम देणाऱ्या कंपनीची अशा तीन सह्या असतात. प्लेसमेंट फसते ती बहुतेक वेळा इथे, कारण कामाच्या रकान्यात अभ्यासक्रमातल्या धड्याचं नाव उतरवलेलं असतं. नुसतं ‘ब्रेक सिस्टीम’ वाचून फोरमनला काय द्यावं ते कळत नाही, आणि तो झाडू देऊन मोकळा होतो. तेच असं लिहा: ‘पुढच्या चाकांचे ब्रेक पॅड बदलतो, डिस्कची जाडी मायक्रोमीटरने चार ठिकाणी मोजून डिस्कवर कोरलेल्या किमान जाडीशी ताडतो, चाकाचे बोल्ट आडव्या-तिडव्या क्रमाने टॉर्क रेंचने आवळतो.’ आता फोरमनला काम दिसतं, आणि शेवटी ते आलं की नाही हेही सांगता येतं. (मायक्रोमीटर मुद्दाम लिहिलाय. जुन्या डिस्कच्या कडेला न झिजलेली, गंजलेली धार उरते. साध्या व्हर्नियरचे जबडे त्या धारेवर टेकतात आणि झिजलेली डिस्क कागदावर चांगली ठरते.)

चार आठवड्यांना अशी पाच-सहा कामं पुरतात. प्रत्येकापुढे ‘एकट्याने’, ‘देखरेखीखाली’ किंवा ‘फक्त पाहून’ असं लिहा. मग कंपनीला एकच प्रश्न पाठवा: ही कामं तुमच्याकडे त्या महिन्यात आठवड्याला किती वेळा येतात? हंगामाचा फटका इथेच कळतो. जर्मनीत हिवाळी टायरांचा ढोबळ नियम ‘ऑक्टोबर ते ईस्टर’ असा आहे, तेव्हा ऑक्टोबरात गॅरेजला गेलात तर दिवसभर चाकं काढण्या-बसवण्यातच जाऊ शकतात. समुद्रकाठच्या हॉटेलचंही हिवाळ्यात तेच: किचन अर्धं बंद, शिकवायला शेफच नाही.

वय १८ च्या आत असेल तर पालकांची लेखी संमती लागतेच, शिवाय कामाच्या तासांवर मर्यादा येते. युरोपियन संघाच्या १९९४ च्या नियमांप्रमाणे साधारणपणे दिवसाला ८ आणि आठवड्याला ४० तास, साडेचार तासांहून जास्त कामाला निदान ३० मिनिटांची सुट्टी, आणि रात्रपाळीवर बंदी. बेकरीवाल्यांनी हे खास बघावं, कारण तिथे खरं काम पहाटे चार वाजता असतं. वेळापत्रक आधीच मागवा, नाहीतर पोचल्यावर फक्त पॅकिंग वाट्याला येतं.

त्या त्या कामाचे दाखलेही आधी लागतात. जर्मनीत खाद्यपदार्थ हाताळायचे तर आरोग्य खात्याकडून स्वच्छतेच्या नियमांची माहिती घेतल्याचा दाखला हवा, आणि पहिल्यांदा कामाला लागताना तो तीन महिन्यांपेक्षा जुना चालत नाही. तिथल्या पाळणाघरात किंवा रुग्णालयात गोवराच्या लसीचा पुरावा मागतात. स्पेनमध्ये मुलांसोबत काम असेल तर लैंगिक गुन्ह्यांची नोंद नसल्याचं प्रमाणपत्र लागतं.

विम्यात दोन खड्डे आहेत. युरोपियन आरोग्य विमा कार्ड फक्त सरकारी आरोग्यसेवेत चालतं. खाजगी दवाखाना किंवा आजारपणात मायदेशी आणण्याचा खर्च त्यात नाही. आणि संघाबाहेरचा पासपोर्ट असेल तर ते कार्ड डेन्मार्क, नॉर्वे, आइसलँड, लिक्टेनस्टाइन इथे वापरता येत नाही. कंपनीचं मशीन तुमच्या हातून बिघडलं तर भरपाई देणारा दायित्व विमा आणि कामावरच्या अपघाताचा विमा वेगळा हवा. तो शाळा काढणार की कंपनी, हे तोंडी ठेवू नका, लेखी घ्या.

भारतीय पासपोर्टवाल्यांसाठी एवढंच: शेंगेन म्हणजे आपसातल्या सीमांवर पासपोर्ट तपासणी नसलेल्या युरोपीय देशांचा गट. एका शेंगेन देशाचं निवासपत्र असेल तर दुसऱ्या शेंगेन देशात कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं. पण राहण्याची मुभा म्हणजे काम करण्याची मुभा नव्हे. प्लेसमेंटला तिथला कायदा काम मानतो का, हे त्या देशाच्या दूतावासाला ईमेल करून विचारा आणि उत्तर जपून ठेवा. आयर्लंड आणि सायप्रस शेंगेनमध्ये नाहीत, तिथला व्हिसा वेगळा.

भाषेचा ऑनलाइन कोर्स फुकट मिळतो. त्याच्या जोडीला आपल्या धंद्यातले शंभरेक शब्द स्वतः पाठ करा, आणि त्यात ‘थांब’, ‘गरम’, ‘वीज चालू आहे’, ‘मागे हो’ हे सगळ्यात आधी. वर्कशॉपमध्ये पहिल्या दिवशी व्याकरण लागत नाही, हे लागतात.

पोचल्यावर लर्निंग ॲग्रीमेंटची छापील प्रत मेंटॉरच्या हातात द्या. शाळेने सही घेतलेली असते कंपनीच्या ऑफिसातून. ज्याच्या हाताखाली उभं राहायचं त्याने बरेचदा तो कागद पाहिलेलाच नसतो. रोज तीन ओळी लिहा: कोणतं काम, किती तास, कोणतं हत्यार. पाचव्या दिवशी ही वही ॲग्रीमेंटशी ताडून बघा. ठरलेल्यातलं एकही काम झालं नसेल तर मेंटॉरशी बोला. दोन दिवसांत फरक पडला नाही तर शाळेला कळवा. कामं बदलायची तर ॲग्रीमेंटमध्येही लेखी बदल करा. तिसऱ्या आठवड्यात तक्रार केली तर जागा बदलायला वेळ उरत नाही.

शेवटी कोणतं काम कितपत आलं याची नोंद ॲग्रीमेंटच्या पुरवणीत होते आणि युरोपास मोबिलिटी या प्रमाणपत्रात उतरते. मजकुराचा मसुदा तुमच्या वहीवरून तुम्हीच करून द्या, म्हणजे ‘मेहनती, वक्तशीर विद्यार्थी’ असल्या कोरड्या वाक्यावर भागत नाही. मेंटॉरची सही शेवटच्या शुक्रवारसाठी ठेवू नका. त्या दिवशी तो रजेवर असू शकतो आणि कंपनीचा शिक्का कपाटात. बुधवारी उरकून घ्या. घरी आल्यावर ईमेलने अहवालाची प्रश्नावली येते, ती स्पॅममध्येही शोधा: ती भरल्याशिवाय उरलेली रक्कम सुटत नाही.