बडोद्याहून राजपुरीच्या खाडीपर्यंत: खवळलेल्या दिवसाची तयारी

बडोद्याला जवळचा समुद्र खंभातच्या आखाताचा. पण भावनगरकडे भरती-ओहोटीत १० मीटरपर्यंत फरक पडतो, आणि त्या प्रवाहापुढे शिडाच्या बोटीचे पाच नॉट (तासाला पाच सागरी मैल) चालत नाहीत. म्हणून बोट मुंबईत, तिथून मुरूड-जंजिऱ्याजवळच्या राजपुरीच्या खाडीला जायचं, आणि तयारीची सुरुवात दांडिया बाजारातल्या घरी, भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी. तिथीला पाऊणने गुणलं की मुंबईच्या भरतीची ढोबळ वेळ निघते. अष्टमीला आठ पाउणे सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला पूर्ण भरती. मग उजाडताच ओहोटीबरोबर बंदराबाहेर, आणि दुपारी खाडीत शिरताना भरती पाठीशी. शिवाय अष्टमीला भांग (उधाणाच्या उलट, कमी चढउताराची भरती) असतो, प्रवाह मवाळ. पक्की वेळ मात्र टाइड टेबलमधूनच घ्यावी.

गाडी आदल्या दिवशीची धरावी. रात्रभर प्रवास करून थेट सुकाणूवर बसू नये. चाकांच्या बॅगा घरीच ठेवाव्यात, बोटीत त्यांना जागा नसते. निघायच्या सकाळी सेव-उसळही नको. तर्रीची हौस परतल्यावर. पोळी, केळं, आल्याचा तुकडा पुरे. उलटीच्या गोळीने झोप येत असेल तर डॉक्टरांना विचारून ती आदल्या रात्रीच घ्यावी. मळमळू लागल्यावर ती पोटात टिकत नाही.

अंतर सुमारे ४० सागरी मैल, पाच नॉटने आठ तास. सकाळच्या मतलई (जमिनीकडून येणाऱ्या) वाऱ्यात समुद्र गरीब दिसतो आणि इथेच माणूस फसतो. दुपारी वायव्येचा वारा २० नॉटवर गेला की लाटा मागून तिरक्या येतात. त्या वेळी रीफ घ्यायला, म्हणजे शीड आखूड करायला, बोट वाऱ्यात वळवावी लागते, आणि ओला माणूस डोलकाठीपाशी लटकतो. म्हणून मेनला (मोठ्या शिडाला) दुसरा रीफ निघण्यापूर्वी, नांगरावर असतानाच घ्यावा. वारा पडला तर सोडायला दोन मिनिटं लागतात. वारा मागून असताना बूम, म्हणजे शिडाखालची आडवी काठी, अचानक पलटते ती डोक्याच्या उंचीवरून. तिला नाळेकडे (बोटीच्या पुढच्या टोकाकडे) दोर ताणून बांधावं. अंगावरचा सुरक्षापट्टा (हार्नेस) अडकवायच्या पट्ट्या डेकवर आदल्या संध्याकाळीच लावाव्यात.

सगळ्यात जास्त वेळ इंजिनला द्यावा. बोट हलली की टाकीच्या तळाचा गाळ ढवळतो, फिल्टर तुंबतो आणि इंजिन नेमकं खाडीच्या तोंडाशी बंद पडतं. टाकी भरलेली, फिल्टरची वाटी उघडून तळाचं पाणी काढलेलं, दोन जादा फिल्टर, आणि डिझेल लाईनमधली हवा काढायचा स्क्रू कुठे आहे हे किमान दोघांना ठाऊक. बिल्जचा (बोटीच्या तळातलं पाणी उपसायचा) हातपंप चालवून पाहावा, संडास-सिंकचे सीकॉक (समुद्राकडे उघडणारे नळ) बंद, डेकवरची झाकणं (हॅच) घट्ट. नांगराची साखळी आत जाते त्या भोकात चिंधी कोंबावी. तिथून बादल्यांनी पाणी आत येतं. व्हीएचएफ रेडिओ चॅनल १६ वर, आणि तटरक्षक दलाचा १५५४ प्रत्येकाच्या फोनमध्ये.

वाटेत खांदेरी-उंदेरीजवळचे खडक आणि चौलचा कडू हा खडक लांब ठेवावेत. कोळ्यांच्या जाळ्यांचे बावटे बघायला एकजण पुढे असावा. जाळं पंख्यात गुंतलं तर इंजिन असून नसल्यासारखं.

जंजिऱ्याच्या आत लाटांचा जोर मोडतो, पण नांगर मोकळा करायचं काम बाहेरच उरकलेलं हवं. डेप्थ साउंडर (खोली मोजायचं यंत्र) पृष्ठभागापासून मोजतो की किलापासून (बोटीच्या तळच्या कण्यापासून), हे आधीच पाहून ठेवावं. पाणी ५ मीटर, अजून चढणारी भरती २, नाळेची उंची १, मिळून ८. पाचपट म्हणजे ४० मीटर साखळी, वारा असेल तर सातपट, ५६. साखळीवर दर १० मीटरला रंगाची खूण नसेल तर हा हिशेब कागदावरच राहतो. रिव्हर्समध्ये हळूहळू जोर देऊन नांगर रुतवावा, किनाऱ्यावरच्या दोन वस्तू एका रेषेत धराव्यात, म्हणजे नांगर घसरला तर कळतं. साडेसहाच्या सुमाराला भरती पालटते, बोट फिरते. तेव्हा ती रेषा पुन्हा पाहावी, मगच स्टोव्ह पेटवावा.