कच्चा खर्डा मागवण्याआधी

गड्ड्याची, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेची, सुट्टी संपून शाळा भरली की नववीला यात्रेवरचा निबंध हमखास दिला जातो. या वेळी खर्डा घेऊन, शेरे देऊन तो पुन्हा लिहून घ्यायचा असेल, तर आधी तारखा ठरवा. खर्डा कधी घेणार, परत कधी देणार आणि पुनर्लेखन कोणत्या तासाला होणार, हे पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहा. पुनर्लेखनाचा तास काही झालं तरी सोडू नका. तो नसेल तर तुमचे शेरे मुलं एकदा वाचतात आणि वही दप्तरात जाते.

खर्डा पक्क्या वहीत नको, तिथे खाडाखोड करायला मुलं घाबरतात. सुटे फुलस्केप कागद, रुंद समास आणि एकाआड एक ओळ मोकळी, एवढं पुरे. पट मोठा असेल तर रोज दहा-बाराच कागद वाचा.

पहिलं वाचन पेन बाजूला ठेवून करा. मग मजकुरावर दोनच शेरे लिहा, तेही प्रश्नाच्या रूपात. 'यात्रेत खूप मजा आली' या वाक्याखाली 'छान' किंवा 'विस्तार करा' लिहून मुलाच्या हाती काही लागत नाही. 'होम मैदानावर तू सगळ्यात जास्त वेळ कुठे थांबलास? तिथे काय ऐकू येत होतं?' असं विचारलं की नंदीध्वजांच्या मिरवणुकीतला हलग्यांचा आवाज, पाळण्याची कुरकुर, भावाचा सुटलेला हात आपसूक कागदावर उतरतो.

शुद्धलेखन दुसऱ्या फेरीसाठी राखून ठेवा. आपल्या सोलापुरात हे फार जपायला हवं. पूर्व भागातल्या कितीतरी घरांत तेलुगू बोलतात, अनेक घरांत कन्नड. या भाषांत निर्जीव वस्तूंना मराठीसारखं पुल्लिंग-स्त्रीलिंग नसतं. म्हणून 'आजोबांनी चादर विणला' हे वाक्य येतं. तो निष्काळजीपणा नव्हे. तीच चूक वारंवार दिसली तर एकदाच खूण करा आणि बाकीच्या जागा मुलालाच शोधू द्या. सगळा कागद लाल केलात तर त्या आजोबांच्या मागाबद्दल पोर पुढे लिहिणारच नाही.

खर्ड्यावर गुण मात्र अजिबात घालू नका. मानसशास्त्रज्ञ रूथ बटलर यांच्या १९८८ च्या अभ्यासात फक्त शेरे मिळालेल्या मुलांचं काम सुधारलं, शेऱ्यांसोबत गुण मिळालेल्यांचं तसं सुधारलं नाही. वर्गातही हेच दिसतं. आकडा दिसला की 'तुला किती?' सुरू होतं आणि शेरा कुणी वाचत नाही.

जोडीवाचनासाठी शेजाऱ्याने काय सांगायचं तेही ठरवून द्या: आवडलेलं एक वाक्य आणि न कळलेली एक जागा. शेवटी पक्क्या निबंधामागे खर्डा टाचून घ्या, वर मुलाच्या हातची दोन ओळींची चिठ्ठी: काय बदललं आणि का. गुण द्यायला बसाल तेव्हा आधी ती चिठ्ठी वाचा.