एलएलबीला निघालात? आधी परंतुक वाचायला शिका

पदवी झाली, सीईटी दिली, आता तीन वर्षांच्या एलएलबीसाठी पसंतीक्रमात कोणतं कॉलेज वर टाकायचं, या घोळात तुम्ही असाल. मीही होते, आणि नेमकं नको तेच वर टाकलं. नोकरी चालू होती. एका कॉलेजात ऑफिसमधल्या माणसानं सांगितलं, "रोज यायची गरज नाही, परीक्षेला या फक्त." मला लॉटरी लागल्यासारखं वाटलं.

तीन वर्षं परीक्षेआधी पंधरा दिवस गाइड वाचलं आणि एकही विषय न राहता पास झाले. वकिलीची सनद मिळाली. दिवाणी कामं करणाऱ्या एका मॅडमकडे बसायला लागले. दुसऱ्याच आठवड्यात, मॅडम कोर्टात गेलेल्या असताना, एक अशील आले. दाव्याचं समन्स हातात पडून चाळीस दिवस झालेले, कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, दिलेली नाही. मला गाइडमधली ओळ तोंडपाठ होती: समन्स बजावल्यापासून ३० दिवसांत लेखी कैफियत. मी छातीठोकपणे सांगून टाकलं, "काका, तुमची मुदत गेली." त्यांचा चेहरा अजून डोळ्यांसमोर येतो.

मॅडम आल्या. दिवाणी प्रक्रिया संहिता माझ्यापुढे ठेवली, ऑर्डर ८, रूल १ उघडला आणि म्हणाल्या, "मोठ्यानं वाच." तीस दिवसांच्या वाक्याखालीच परंतुक होतं, म्हणजे 'परंतु' म्हणून जोडलेली अट: न्यायालय कारणं नोंदवून मुदत वाढवू शकतं, ९० दिवसांपर्यंत. बरं, तिथेही संपत नाही. कैलाश विरुद्ध नन्हकू या २००५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की साध्या दाव्यात अपवादात्मक परिस्थिती असेल तर ९० दिवसांच्या पुढेही कैफियत घेता येते. आणि तोच दावा कमर्शियल, म्हणजे व्यापारी व्यवहाराचा, असेल तर १२० दिवस, त्यानंतर दार बंद, कितीही विनवण्या करा. माझ्या गाइडात यातलं फक्त '३० दिवस' होतं. परीक्षेत त्याचे मार्कही मिळाले होते, हे विशेष.

म्हणून पहिल्या दिवसापासून बेअर ॲक्ट, म्हणजे टीकाटिप्पणीशिवाय छापलेला मूळ कायदा. गाइड परीक्षेच्या आदल्या रात्री ठीक आहे, मी काही सोवळं पाळा म्हणत नाही. पण कलम मूळ शब्दांत वाचा. आधी व्याख्यांचं कलम, कारण रोजचा शब्द कायद्यात भलत्याच अर्थानं येतो. मग मुख्य वाक्य. मग परंतुक, स्पष्टीकरण, अपवाद, उदाहरणं. इंग्रजी प्रतीत 'शाल' आहे की 'मे', 'अँड' आहे की 'ऑर', ते पेन्सिलीनं गोल करा. पहिले दोन महिने एका कलमाला अर्धा तास लागेल आणि आपण मठ्ठ आहोत असं वाटेल. सगळ्यांना वाटतं.

सिनियरांची फुकटची जुनी पुस्तकं घेताना जपून. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष्य अधिनियम लागू आहेत. खुनाच्या शिक्षेचं ३०२ आता १०३ झालंय. तरी जुनी रद्दीत घालू नका. त्या तारखेआधीच्या गुन्ह्यांना आयपीसीच (जुनी दंड संहिता) लागते आणि ते खटले अजून बरीच वर्षं चालतील.

कॉलेजकडे वळते. नाव, इमारत, कॅन्टीन सोडा. बार कौन्सिल ऑफ इंडियाची मान्यता चालू वर्षापर्यंत आहे का बघा, आणि जाऊन एका तासाला मागच्या बाकावर बसा. शिकवणाऱ्याच्या हातात काय आहे, ॲक्ट की नोट्स? दिवाणी संहिता कोण शिकवतं, त्यांनी कधी दावा चालवलाय का? कोर्ट चालत जाण्याच्या अंतरावर असेल तर मी ते कॉलेज डोळे झाकून वर टाकेन. सकाळी तास, अकराला कोर्टात मागच्या खुर्चीवर. आणि "परीक्षेला या फक्त" म्हणणारं कॉलेज यादीतच नको. नोकरी करूनही शिकता येतं, पण सकाळच्या बॅचला खरंच जाऊन.

तीन वर्षांच्या कोर्सला किमान १२ आठवडे इंटर्नशिप लागते. बरेच जण ओळखीनं सर्टिफिकेट आणतात. करू नका, एवढंच म्हणते. मोठ्या नावाच्या वकिलाकडे नुसत्या तारखा घेण्यापेक्षा तालुक्याच्या वकिलाकडे नोटिशीचा मसुदा लिहिलेला बरा.

मराठी माध्यमवाल्यांनो, घाबरू नका. खालच्या न्यायालयांत मराठी चालते, तिथे तुमची भाषा हेच भांडवल आहे. उच्च न्यायालयासाठी इंग्रजी लागेलच. रोज एक निकालपत्र वाचत राहिलात तर तीन वर्षांत ती येते. डिग्री झाली की थेट न्यायाधीशाची परीक्षा, असा बेत असेल तर २० मे २०२५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल बघा: आधी तीन वर्षं वकिली लागते. म्हणजे कोर्ट टाळून कुठेच जाता येत नाही.

त्या काकांची कैफियत सेहेचाळिसाव्या दिवशी, कोर्टानं लावलेली कॉस्ट भरून, दाखल झाली. मुदतवाढीचा अर्ज मॅडमनी माझ्याकडूनच लिहून घेतला, पाच वेळा.