नावातल्या टिंबाने अडवलेला स्वागत-संदेश

उबुंटू सर्व्हरवर लॉगिन करताच डिस्क किती भरली, मेमरी किती उरली आणि सर्व्हर किती दिवस सुरू आहे, हे समोर दिसावं, असं मला हवं होतं. एमओटीडी म्हणजे लॉगिन करताच दिसणारा स्वागत-संदेश; त्याच्या साध्या फाइलमधला मजकूर आपोआप बदलत नाही. ताजी माहिती हवी तर ईटीसी या सेटिंग्जच्या फोल्डरमधल्या 'अपडेट-एमओटीडी.डी' फोल्डरमध्ये स्क्रिप्ट, म्हणजे आज्ञांची फाइल, ठेवायची. लॉगिनच्या वेळी पॅम (लॉगिन हाताळणारी यंत्रणा) तिथल्या स्क्रिप्ट नावातल्या आकड्यांच्या क्रमाने चालवतं.

मी ९९ ने सुरू होणारी स्क्रिप्ट लिहिली, सीएचमॉड या आज्ञेने ती चालवण्याची परवानगी दिली. हाताने चालवली की नीट चाले, लॉगिनला मात्र काहीच नाही. तासभर परवानग्याच तपासत बसलो. दोष निघाला नावात! शेवटी '.एसएच' होतं, आणि रन-पार्ट्स, म्हणजे या स्क्रिप्ट प्रत्यक्ष चालवणारं साधन, नावात टिंब असलेली फाइल मुकाट्याने वगळतं. तेवढं काढलं आणि संदेश आला.

या स्क्रिप्ट रूटच्या, म्हणजे सर्व अधिकार असलेल्या खात्याच्या, अधिकाराने चालतात, म्हणून फाइलची मालकी रूटकडेच ठेवा. आणखी एक: सुरुवातीला मी स्क्रिप्टमध्ये सर्व्हरचा बाहेरून दिसणारा आयपी पत्ता इंटरनेटवरून विचारत होतो. नेटवर्क अडलं की लॉगिनही खोळंबायचं. ती ओळ मी काढून टाकली.