देवराईच्या हक्कासाठी एकत्र काम करताना या चुका टाळा

आदिवासी ग्रामसभा, धार्मिक मंडळे आणि निसर्गप्रेमी गट एकत्र आले की वनहक्काचे काम पुढे सरकते, हे मी सह्याद्रीतल्या पाड्यांवर अनेकदा पाहिले आहे. मदतीला आलेल्यांच्या घाईमुळे तेच काम वर्षानुवर्षे अडकलेलेही पाहिले आहे, आणि चुका दरवेळी त्याच असतात.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे हक्काचा दावा दाखल होण्यापूर्वीच देवराईत देऊळ बांधायला घेणे. महादेव कोळ्यांच्या एका पाड्यावर वाघोबाची देवराई होती. शेंदूर लावलेल्या दोन शिळा, भोवती हिरड्याची जुनी झाडे आणि तिथली वाळलेली काडीही घरी न नेण्याचा दंडक. तालुक्याच्या गावातील एका भक्तमंडळाने तेथे सभामंडप बांधण्याची तयारी दाखवली आणि शहरातील निसर्गमंडळाने झाडांची यादी करून दिली. दोघांचाही हेतू चांगला होता. देणग्या घेण्यासाठी न्यास नोंदवला गेला. त्या अर्जात न्यासाची मालमत्ता म्हणून सगळी देवराई लिहिली गेली आणि सात विश्वस्तांपैकी पाड्यावरचे दोघेच होते. मी तो अर्ज वाचला होता, तरी बोललो नाही, कारण निधी मिळत होता. पुढच्या वर्षी ग्रामसभेने सामूहिक वनहक्काचा, म्हणजे गावाने मिळून जंगल वापरण्याच्या आणि सांभाळण्याच्या हक्काचा, दावा केला, तेव्हा दावे तपासणाऱ्या उपविभागीय समितीने विचारले की ही जागा ग्रामसभा सांभाळते की न्यास? दावा खुलाशासाठी परत आला. तो खुलासा करण्यात तीन वर्षे गेली आणि तोवर मंडपासाठी अकरा हिरडे तुटले होते. वाघोबाला छप्पर चालते का, हे भगताला कोणी विचारलेच नव्हते.

तेव्हापासून मी क्रम बदलत नाही: आधी दावा, नंतर बाकी सारे. पहिल्या भेटीत कागद काढत नाही. भगत आणि हिरडा गोळा करणाऱ्या बायका यांच्यासोबत शीव पायी चालतो, प्रत्येक झऱ्याचे, कड्याचे आणि देवाच्या जागेचे नाव त्यांच्याच तोंडून लिहून घेतो. वनहक्क कायदा 2006चा आहे आणि त्याच्या नियम 13मध्ये ज्येष्ठांचे लेखी जबाब, तसेच पवित्र झाडे, देवराया आणि दफनभूमी यांना पुरावा म्हणून स्थान आहे. म्हणजे ज्या श्रद्धेमुळे ती राई टिकली, तीच श्रद्धा ग्रामसभेच्या दाव्याचा आधार होऊ शकते. तिला वेगळ्या न्यासात नेऊन ठेवले की हा आधार आपणच कमकुवत करतो. न्यास आधीच असेल, तर देवराई ग्रामसभेच्या ताब्यात आहे आणि न्यास फक्त पूजेची व्यवस्था पाहतो, असा ठराव विश्वस्तांकडूनच करून घ्यावा.

दुसरी चूक सह्यांची. रजिस्टर घरोघरी फिरवून गणपूर्ती दाखवणारे कार्यकर्ते मला मान्य नाहीत, मग त्यांचा उद्देश कितीही मोठा असो. नियमानुसार ग्रामसभेत किमान निम्मे सदस्य हजर लागतात आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश महिला असाव्या लागतात. लावणीच्या दिवसांत हे जमत नाही, म्हणून मी सभा लावणी उरकल्यावरच ठेवायला सांगतो. नव्याने आलेल्या मुलांना हा उशीर सहन होत नाही. त्यांना मी गडचिरोलीतील मेंढा-लेखा गावाचे उदाहरण देतो. तिथे 2009मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, पण सर्वसहमतीने निर्णय घेण्याची आणि अभ्यासगट चालवण्याची सवय त्याआधी कितीतरी वर्षांची होती. हक्क मिळाल्यावरही स्वतःच्या बांबूचे वाहतूक परवाने ग्रामसभेच्या हाती यायला 2011 उजाडले.

वनखात्याच्या संयुक्त वनव्यवस्थापन समितीला ग्रामसभा समजू नका. शेजारच्या गावाला न बोलावता हद्द आखू नका. देवराईत बाहेरची रोपे लावू नका.

निसर्गप्रेमी मित्रांची एक चूक मला विशेष बोचते. वन्यजीवांसाठी लोकांनी जंगल सोडावे, असे ते पहिल्याच बैठकीत सुचवतात आणि पाडा पुढे कधीच त्यांच्यावर विश्वास ठेवत नाही. वनहक्क कायद्याच्या कलम 4(2)नुसार लोकांना हलवण्याआधी हक्कमान्यतेची प्रक्रिया पूर्ण व्हावी लागते आणि ग्रामसभेची मुक्त, माहितीपूर्ण संमती घ्यावी लागते. ओडिशातील नियमगिरी डोंगरावरच्या खाणीबाबतचा निकाल त्यांनी जरूर समजून घ्यावा. डोंगरिया कोंध आदिवासींचा देव नियमराजा त्या डोंगरावर राहतो. 18 एप्रिल 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने धार्मिक हक्कांसह सगळे दावे ग्रामसभांपुढे ठेवायला सांगितले, आणि बाराही ग्रामसभांनी बॉक्साइटच्या खाणीला नकार दिला. त्यांच्या पाठीशी बाहेरचे अनेक जण उभे होते, पण ठराव केले ते ग्रामसभांनी.

शेवटची अडचण दावा फेटाळला जाण्याची. तसे पत्र आले की बरेच जण मंत्रालयाची वाट धरतात किंवा मोर्चाची तारीख ठरवतात, आणि उपविभागीय समितीच्या निर्णयाविरुद्ध जिल्हा समितीकडे जाण्याची 60 दिवसांची मुदत त्यात निघून जाते. मी पत्राच्या पाकिटावर आधी निर्णयाची तारीख मोठ्या अक्षरात लिहितो आणि त्याच आठवड्यात ग्रामसभा बोलवायला सांगतो.