३.३ व्होल्टचा ईएसपी३२ आणि ५ व्होल्टची एलईडी पट्टी

गणपतीच्या मखराला लावलेली डब्ल्यूएस२८१२बी एलईडी पट्टी (हिच्या प्रत्येक दिव्याचा रंग डेटाच्या वायरवरून ठरतो) मधेच भलतेच रंग दाखवायची. कोड ठीक, पॉवर सप्लाय ठीक, ग्राउंड जोडलेलं. गडबड डेटाच्या वायरवर होती.

या एलईडीच्या डेटाशीटनुसार ‘हाय’ (म्हणजे डिजिटल १) ओळखायला पुरवठ्याच्या ०.७ पट व्होल्टेज लागतं. ५ व्होल्टला ते ३.५ होतं, आणि पट्टीला डेटा पाठवणारा ईएसपी३२ मायक्रोकंट्रोलर देतो जेमतेम ३.३. म्हणून कधी चालतं, कधी नाही. असा दोष शोधणं फार जिकिरीचं.

आधी बीएसएस१३८ मॉस्फेटचं लेव्हल शिफ्टर (सिग्नलचं व्होल्टेज बदलणारं) बोर्ड लावून पाहिलं. आय२सी (चिप्सनी एकमेकींशी बोलायची एक पद्धत) साठी ते उत्तम, पण त्यात सिग्नल वर नेण्याचं काम १० किलोओहमचा पुल-अप (सिग्नल पुरवठ्याकडे खेचणारा रेझिस्टर) करतो. इथे डेटा ८०० किलोहर्ट्झचा, ‘शून्य’ बिटचा पल्स साधारण ०.४ मायक्रोसेकंदाचा. तेवढ्यात सिग्नल पुरेसा चढतच नाही.

७४एएचसीटी१२५ या चार गेटच्या बफर चिपने काम झालं. नावातला ‘टी’ बघूनच घ्या: ५ व्होल्टवर चालवूनही ही चिप २ व्होल्टच्या वर ‘हाय’ मानते, साधी ७४एचसी१२५ तसं मानत नाही. वापरातल्या गेटची इनेबल पिन ग्राउंडला, न वापरलेल्या गेटच्या इनपुटही ग्राउंडला. आउटपुटवर ३३० ओहमचा रेझिस्टर, पट्टीच्या अगदी जवळ.