खलनायिकेने पशुमानवांचा राग कसा काढावा : कोल्हापुरात बसून अद्भुतरम्य प्रेमकथा लिहिणाऱ्यांसाठी

या प्रकारच्या कथेत खलनायिका हीच नायिका असते; तिला ज्यांचे मन जिंकायचे असते ते पशुमानव, म्हणजे अर्धे माणूस आणि अर्धे जनावर असलेले पुरुष, तिच्या जिवावर उठलेले असतात, आणि लेखक बहुधा पहिल्याच प्रकरणात तिला निर्दोष ठरवून आपली वाट सोपी करून घेतो. हिच्यावर नुसता आळ आला होता, असे एकदा सांगितले की त्यांचा राग निराधार ठरतो आणि पुढच्या मनधरणीत काही जीव उरत नाही. म्हणून तिचा गुन्हा खराच ठेवावा, आणि तो एखाद्या वस्तूत डोळ्यांना दिसेल इतका नेमका असावा.

अशी वस्तू शोधायला आपल्याला लांब जावे लागत नाही. कोल्हापूर संस्थानात चित्त्यांकडून काळविटांची शिकार करवली जात असे. चित्त्याच्या डोळ्यांवर टोपी चढवून त्याला गाडीतून माळावर नेत आणि काळवीट टप्प्यात आले की टोपी काढीत. आईकडून शिकार शिकण्याआधीच पकडलेले पिल्लू या कामाला निरुपयोगी असल्यामुळे वाढ पूर्ण झालेला चित्ताच धरावा लागे, म्हणजे डोळे झाकलेल्या त्या जनावराने मोकळे रान पाहिलेले असे. आपल्या चित्तामानवाच्या डोळ्यांवरची टोपी नायिकेने स्वतःच्या हाताने बांधलेली असू द्यावी. ती तिने सोडली म्हणून त्याने लगेच कृतज्ञ होऊ नये. आता तिचा चेहरा त्याला दिसू लागला आहे, एवढेच घडावे.

प्रत्येकाचे वैर त्याच्या जातीप्रमाणे बोलले पाहिजे. दाजीपूरच्या जंगलातला गवा धमकावताना पुष्कळदा समोरून धावून येण्याऐवजी आडवा उभा राहतो आणि आपल्या देहाचा सगळा विस्तार दाखवतो; त्यामुळे गवामानव दारात पाठमोरा नव्हे, आडवा उभा आहे, एवढे एक वाक्य दोन पाने शिवीगाळीपेक्षा अधिक भीती निर्माण करते. रानकुत्री टोळीने शिकार करतात, शीळ घालून एकमेकांना साद देतात आणि शिकारीवर पिल्लांना आधी खाऊ देतात, तेव्हा त्यांच्यातला एकटा एक तरुण वळवण्याचा प्रसंग रचणे चूक आहे. नायिकेने ताट आधी कोणापुढे ठेवले याकडे सारी टोळी पाहत असते. बिबट्या एकटा राहणारा, म्हणून त्याच्या बाबतीत तिने खोलीत पाऊल न टाकणे हीच मोठी सवलत होय. शेपूट आणि कान यांची वर्णने मात्र आवरती घ्यावीत, कारण तिसऱ्या पानानंतर ती गोंडस वाटू लागतात.

मनधरणीची रीत आपल्या गावाच्या कथेतच आहे. अंबाबाईने कोल्हासुर दैत्याचा वध केल्यानंतर विजयाच्या आनंदात तिच्या धाकट्या बहिणीला, त्र्यंबोलीला, बोलावणे राहून गेले, ती रुसून गावाबाहेरच्या टेकडीवर शहराकडे पाठ करून बसली, आणि अंबाबाई स्वतः तिच्या भेटीला गेली. नवरात्रातल्या पंचमीला अंबाबाईची पालखी आजही टेंबलाईच्या, म्हणजे त्र्यंबोलीच्याच, टेकडीवर जाते. थोरलीने दरबारात बोलावून क्षमा केली नाही, ती चालत गेली, हे ध्यानात घ्यावे. आपल्या खलनायिकेनेही भेटवस्तू धाडू नये किंवा दासीकरवी निरोप देऊ नये; त्याच्या हद्दीत, त्याच्या वासाच्या प्रदेशात, शस्त्राशिवाय जावे आणि पहिल्या खेपेला तो तोंड न फिरवताच बसून राहिला तर परत यावे. अशा किती खेपा लिहाव्यात, हा प्रश्न वाजवी आहे. दोन खेपा सविस्तर लिहून तिसरी एका वाक्यात उरकावी, आणि चौथ्या वेळी ती आली नाही म्हणून त्यानेच वाटेकडे पाहावे.

राजवाडा, जादू, वंशावळ यांना फारसे पान देऊ नये.

एकाने तरी तिला शेवटपर्यंत क्षमा करू नये. बंधन तुटताच तो रानात निघून जावा आणि ती त्याला अडवण्याची शक्ती हाती असूनही अडवत नाही, असे दाखवावे. हे प्रकरण सर्वांत आधी लिहून ठेवणे बरे, कारण कादंबरी संपत येईपर्यंत लेखकाला स्वतःलाच नायिकेची दया येऊ लागते आणि मग त्याला हमखास माघारी बोलावले जाते.